उणे ऐंशी

बांबोळीच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर
आमचा फ्रीझर रात्रंदिवस गुणगुणतो.
उणे ऐंशी.
दार साठ सेकंदांहून जास्त उघडं राहिलं की ओरडतो,
म्हणून मी आधीच चिठ्ठीवर लिहून घेते:
रॅक चार, ओळ ग, अकरावी नळी.
तिच्यात शाबलो गावसची थुंकी आहे.
नाव लिहायचं नसतं. एकशे सतरा.
पण सातावर आडवी रेघ मारायची सवय माझी,
त्यामुळे मला कळतं.

पहिल्यांदा आला तेव्हा
चपला बाहेर काढून आला, देवळात आल्यासारखा.
प्रश्नावली कुठल्या तरी थंड देशातली, मराठी मी केलेली.
सकाळी उठल्यावर किती मिनिटांनी पहिली विडी ओढता?
"उठतो कुठे, बाय? तीच उठवते."
पर्याय चार होते. हा नव्हता.
'पाच मिनिटांच्या आत'वर खूण केली.

दिवसाला किती पेले?
एक पेला म्हणजे दहा ग्रॅम, मी समजावलं.
करवंटीत किती ग्रॅम मावतात, त्याने विचारलं.
आणि भट्टीवर हुर्राक उतरला की
मालक आधी याच्याच हातात देतो,
बरा आहे का बघ म्हणून,
तो घोट पिण्यात धरायचा की मजुरीत?
डॉक्टर इर्मेलिंदा दारातच थांबल्या होत्या.
बराच वेळ पेन चावत राहिल्या.
मग म्हणाल्या, दोन रकाने कर.

बोटांना तारा लावून आम्ही त्याला चित्रं दाखवली:
उंच ग्लास, बर्फ, काठाला लिंबाची चकती.
आलेख धावेच्या मळ्यासारखा सपाट.
"हे सरबत कोण पितं?" त्याने विचारलं.
ए.सी. बिघडला होता, खिडकी उघडी.
खालच्या उतारावर कुणी तरी बोंडू मळत होतं.
वास आला
आणि रेघ कागदाबाहेर गेली.
तो नुसता खिडकीकडे बघत होता.
आम्ही ते वाचन रद्द धरलं. नियमात वारा नव्हता.

तिसऱ्या भेटीला जमिनीकडे बघत म्हणाला, सोडली.
विडी. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलला नाही, मीही विचारलं नाही.
तोंड कोरडं, दोन मिली भरायला वीस मिनिटं लागली.
निकोटिन दोन-तीन तासांत उतरू लागतं,
कोटिनिन मागे रेंगाळतं, तीन-चार दिवस,
पाहुणा गेल्यावर अंथरुणाला राहणाऱ्या उबेसारखं.
त्याहून मागचं थुंकीला आठवत नाही.

चौथ्या भेटीला द्वारकी आली.
हातात वाळपईहून पणजीचं कदंबचं तिकीट, मागच्या मंगळवारचं.
"येत होता हो. होंड्याला बस थांबली तेव्हा
पाणी प्यायला उतरला, स्टॉपवर बसला,
तो बसलाच."
प्रवासभत्ता तीनशे. सहीच्या जागी सहभागीचं नाव.
मी माझ्या पर्समधून दिले.
तिने मोजले नाहीत. विचारलं,
"तुम्हाला तर कळतं सगळं. खरंच सोडलेली?"

नमुना तपासलेला नव्हता.
तपासला असता तरी सांगायची मुभा नव्हती.
मी म्हटलं, हो.

शहाण्णव खळगे भरल्याशिवाय यंत्र लावत नाहीत.
ते भरले जूनमध्ये.
एकशे सतरा: चौदा.
पंधराच्या वर ओढणारा, खाली न ओढणारा, असं आम्ही ठरवलेलं.
"काठावर," डॉक्टर म्हणाल्या.
"भट्टीवर बसणाऱ्याच्या थुंकीत
शेजारच्यांचाही धूर उतरतो.
किंवा एखादी ओढली असेल.
किंवा खरंच नाही."
त्यांनी अहवालात टीप घातली, बारीक अक्षरात.

माझं 'हो' मी परत घेतलेलं नाही.
नळीत अजून अर्धा मिली शिल्लक आहे.
संमतीपत्रात पंधरा वर्षं लिहिलंय, खाली निळा अंगठा,
शाई जरा जास्तच लागलेली.

वीज गेली की
जनरेटर सुरू व्हायला बारा सेकंद लागतात.
गुणगुण थांबते.
तेवढे मी मोजते.